पाठीवरचा धक्का

त्या वर्षी पाऊस सरून समुद्र निवळला आणि नंतरचे काही दिवस असे गेले, की ते खरंच गेले की मी ते दुपारी डोळा लागल्यावर पाहिले, हे आज मला खात्रीने सांगता येत नाही. असं बोलणं माझ्या स्वभावात नाही. मी वजनमापे खात्यात नोकरी केली. रत्नागिरीच्या बाजारात दुकानदारांचे तराजू तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा, खोटं माप सापडलं तर जप्त करायचं. काटा किती हलला तर चालतो आणि किती हलला तर चालत नाही, हे आमच्याकडे ठरलेलं असायचं. त्या दिवसांत मात्र काटा नीट दिसलाच नाही. सगळ्यावर खाडीवरच्या धुक्यासारखं काहीतरी पसरलेलं होतं.

माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीची मुलगी विमानात नोकरीला होती. तेव्हा त्या नोकरीला सगळे हवाई सुंदरी म्हणत. तिचा बाप, म्हणजे माझा साडू, मासेमारीच्या होडीवर तांडेल होता. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. सुकाणू त्याच्या हातात आणि होडीवरच्या सगळ्यांचा जीवही. आरे-वारेच्या पलीकडे एका वाडीत त्यांचं घर. त्या वाडीतून बोटीवर गेलेले पुरुष पुष्कळ होते, विमानात गेलेली ती एकटीच.

आखातातून मुंबईला येणाऱ्या तिच्या विमानाचं पुढचं चाक बाहेर आलं नाही. वैमानिकाने विमान बराच वेळ समुद्रावर फिरवत ठेवलं आणि मग नाक टेकवून धावपट्टीवर उतरवलं. ठिणग्या उडाल्या, धूर झाला. दारांतून रबराच्या घसरगुंड्या सोडून माणसं खाली उतरवली. कुणी दगावलं नाही.

पहिले काही दिवस वर्तमानपत्रांनी त्या सगळ्यांना देवदूत केलं. वैमानिकाच्या शाळामास्तरांपासून त्याच्या आवडत्या भाजीपर्यंत सगळं छापून आलं. आमच्या मुलीचा ओळखपत्रावरचा हसरा फोटो आला. वाडीत पेढे वाटले. मी तपासणीला दुकानात शिरलो की दुकानदार वजनं पुढे करायच्या आधी विमानाचं विचारायचा. जणू ते मीच उतरवलं होतं.

मग हळूहळू सूर बदलला. कुणी लिहिलं, वैमानिक इतका वेळ फिरत का बसला? कुणी लिहिलं, एरवी गोड बोलणाऱ्या मुली त्या वेळी बाजारातल्या हमालांसारख्या ओरडत होत्या. आणि एके दिवशी एका म्हातारीचा फोटो आला. केळशीची. हात प्लास्टरमध्ये. मुलाकडे आखातात राहून परत येत होती. हवाई सुंदरीने तिची पिशवी हिसकावली आणि पाठीत धक्का देऊन तिला खाली लोटलं, असं फोटोखाली होतं. मुलगी आपल्याच जिल्ह्याची, एवढंही होतं. रत्नागिरीत तेवढं पुरे.

मी दाढीला बसलो होतो तेव्हा मागच्या बाकावर हेच चाललेलं.

"हसण्याचा पगार घेतात ना या? मग म्हातारीला ढकलायचं कशाला?"

"अरे, घाबरली असेल पोर."

"घाबरली तर स्वतः उडी मारायची. आधी म्हातारी टाकून बघितली वाटतं, घसरगुंडी भक्कम आहे का ते!"

सगळे हसले. माझ्या तोंडाला साबण होता. नंतर साबण पुसल्यावरही मी काही बोललो नाही, कारण झालं काय ते मला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक नसताना बोलायची मला सवय नाही. पण एक गोष्ट मला तेव्हाच खटकली. माणसाला तोलायला जो काटा या लोकांनी काढला होता तो सोनाराकडचा होता, आणि पारड्यात घातलं होतं ते ओल्या लाकडांचं ओझं. तिचं हसू, तिचा आवाज, तिची साडी, याच मापाने ते सगळं मोजत होते. विमानाच्या दारात ते माप चालतं का, हे कुणी विचारत नव्हतं.

चौकशी पुरी होईपर्यंत रजा मिळाली म्हणून ती वाडीत आली. मी आणि बायको भेटायला गेलो. ती मागच्या पडवीत चटईवर झोपली होती. भर दुपार. माडांच्या सावल्या तिच्या अंगावरून सावकाश पुढेमागे होत होत्या आणि क्षणभर मला वाटलं, ही पाण्याखाली आहे.

उठल्यावर मी तिला विचारलं. मला आकडे हवे होते. किती उंचीवरून, किती वेगाने, धूर कधी आला, दार उघडायला किती वेळ लागला. तिने विचार करायचा प्रयत्न केला.

"काका, ते चौकशीत सगळं येईल. मला आठवतंय ते वेगळंच आहे."

"काय आठवतंय?"

"आवाज. म्हणजे आवाज नसणं. एवढी खरड झाली आणि मग एकदम काही नाही. कापसात ठेवल्यासारखं. एक वाटी मधल्या वाटेवरून गडगडत गेली, ती मी शेवटपर्यंत बघितली. मग मी ओरडायला लागले. माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटला. आम्हाला तसंच शिकवतात. लाडीगोडी लावली तर माणसं बसून राहतात."

"आणि ती बाई?"

"नाक खाली गेलेलं, म्हणून आमचं मागचं दार खूप वर होतं. घसरगुंडी विहिरीसारखी सरळ दिसत होती. आजी दारात येऊन बसल्या. पिशवी छातीशी. पाय पुढे टाकेनात. मागे माणसं साठत होती, धूर येत होता. मी दोनदा ओरडले. मग पिशवी ओढून काढली आणि पाठीत धक्का दिला." तिने आपला तळवा उघडून पाहिला. "पाठ अगदी हलकी होती हो. सुपासारखी."

ती हे अशा आवाजात सांगत होती, की मलाच त्या दारात उभं असल्यासारखं वाटलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी दुकानात वजन हातावर घेतलं की मध्येच मला ती पाठ आठवायची.

तिचा बाप ओट्यावर फाटलेलं जाळं तुणत बसला होता. तो तिच्याशी बोलत नव्हता. म्हातारीचा फोटो छापून आला त्या दिवसापासून. जेवायला वाढलं की जेवायचा, ती समोर आली की जाळ्यात नजर घालायचा. त्याची आई याच घरात अंथरुणाला खिळून वारली होती आणि शेवटपर्यंत तिला उचलून परसात न्यायचा तो हाच. म्हाताऱ्या बाईला धक्का, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

मी गेलो म्हणून तो बोलला. बोलला माझ्याशी, पण तिला ऐकू जाईल असं.

"दादा, मी केळशीला जातंय. होडी घेऊन. तिला त्या बाईच्या पायावर घालतो. चुकलं म्हणेल, मग बघू पुढचं."

आतून तिची आई, माझी मेहुणी, म्हणाली, "म्हणेल हो. आपल्या घरचे संस्कार काय मेले नाहीत."

मुलगी दारात आली. "येते मी बाबा. आजींना भेटायचंच आहे मला. पण चुकलं असं म्हणणार नाही."

"ऐका!" मेहुणी म्हणाली. "म्हणायला काय जातं गो तुझं? तोंड झिजतं?"

"म्हटलं तर मला ते खरं वाटायला लागेल. आणि पुढच्या वेळी दारात कुणी बसलं तर माझा हात थांबेल."

बाप उठून आत निघून गेला. तिला त्या महिन्यातच परत कामावर जायचं होतं. बापाशी न बोलता ती विमानात चढणार होती, आणि बापाने बोलावं यासाठी जे म्हणायचं होतं ते म्हणून तिला चढता आलं नसतं. एवढा सरळ पेच होता. मी माझ्या परीने दोन्ही पारड्यांत हात घालून पाहिला, समतोल काही साधेना.

मध्यस्थ म्हणून मलाही नेलं.

पहाटे निघालो. समुद्र इतका स्थिर होता, की होडी पुढे जाते आहे हे फक्त इंजिनच्या आवाजावरून कळायचं. पाण्याची आणि आभाळाची कड एक झाली होती. एक जुना खलाशी इंजिनपाशी, माझा साडू सुकाणूवर, मी मध्ये जाळ्यांवर, मुलगी पुढे नाळेपाशी, म्हणजे होडीच्या टोकाला, आईचं जुनं लुगडं खांद्यांभोवती घेऊन. मी नकाशावर अंतर पाहून ठेवलं होतं आणि वाटेतल्या खुणांवरून वेग काढायचं ठरवलं होतं. पण अंजनवेलचा गोपाळगड आला तो धुक्यात तरंगत. खालचा डोंगर नव्हताच, नुसती तटबंदी. ती किती वेळ आमच्या उजवीकडे होती कोण जाणे. मी मान वळवली तरी ती तिथेच, पुन्हा वळवली तरी तिथेच. मग नव्हती. माझा हिशेब तिथे सुटला आणि सुटला याचं मला वाईट वाटलं नाही.

मुलीने एकदा पाण्यात हात सोडला. तिच्या बोटांमागे पाण्याची रेघ उमटत गेली. बाप ती रेघ बघत होता.

हर्णै मागे टाकून केळशीच्या खाडीच्या तोंडाशी आलो तेव्हा भरती चढत होती. तिथे वाळूचा पट्टा आहे, त्याच्यावर लाटा फुटतात. लाट आणि लाट यांच्यामध्ये होडी आत घालावी लागते. मला हे माहीत नव्हतं. किनारा दिसला, केवड्याची बनं दिसली, म्हणून मी बघायला उभा राहिलो.

"बस खाली, मेल्या!"

असा आवाज मी माझ्या साडूचा कधी ऐकला नव्हता. मी मागे वळतो तोच त्याचा हात माझ्या पाठीत बसला आणि मी तोंडघशी जाळ्यांवर. होडीचं मागचं अंग उचललं गेलं, सगळं हिरवं झालं, मग पांढरं झालं. कानात काही नाही. कापूस. पुढे नाळेपाशी मुलगी कधीच खाली वाकून, डोकं गुडघ्यात घालून, दोन्ही हात मानेवर धरून बसली होती. तिला काही सांगावं लागलं नव्हतं.

आणि मग होडी खाडीच्या गुळगुळीत पाण्यात होती. बगळे होते. माझं कोपर सोलवटलं होतं.

नात्याने आणि वयाने मी त्याच्याहून मोठा. तो मला कधी अरे म्हणालेला नाही, माझ्यासमोर विडी ओढलेली नाही. होडी काठाला लागल्यावर तो पाण्यातून माझ्यापाशी आला, कमरेची चंची सोडली, पान काढलं, चुना लावला, सुपारी घातली आणि विडा करून दोन्ही हातांनी माझ्या हातावर ठेवला. तोंडाने काही नाही. ही त्यांच्याकडची रीत आहे. पाण्यावर तांडेल कुणालाही शिवी देतो, लाथ घालतो, सख्ख्या थोरल्या भावालाही. काठावर आल्यावर मोठ्या माणसाला विडा देतो. त्याने तो तोंडात टाकला की संपलं. यात माफी नसते. चुकलं असं तांडेल म्हणत नाही आणि म्हणावं अशी कुणाची अपेक्षाही नसते.

मी विडा तोंडात टाकला. एरवी मी पान खात नाही. चुना जरा जास्त झाला होता.

तो चंची बांधायला लागला आणि थांबला. गुडघाभर पाण्यात तसाच उभा. मुलगी होडीतून त्याच्याकडे बघत होती. त्याच्या मनात काय आलं ते मी सांगू शकत नाही, त्याने मला कधी सांगितलं नाही. त्याने चंची पुन्हा उघडली. आणखी एक पान काढलं, देठ खुडला, या वेळी चुना अगदी बेताने लावला, आणि विडा होडीच्या काठावरून मुलीपुढे धरला. तिने घेतला आणि तोंडात न टाकता पदरात बांधला.

म्हातारी ओसरीवर बसली होती. प्लास्टर निघालं होतं, हात फडक्यात बांधलेला होता. तिने मुलीला ओळखलं नाही. साडी साधी, केसांची वेणी.

"आजी, मी विमानातली," मुलगी म्हणाली.

म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू गो ती? तू तर एवढीशी हायस. तिथं राक्षसिणीसारखी दिसत होतीस."

मुलीने वाकून विडा पुढे केला. म्हातारी विड्याकडे बघत राहिली, मग माझ्या साडूकडे, त्याच्या ओल्या कपड्यांकडे. खाडीकाठचीच बाई ती. तिला सांगावं लागलं नाही.

"दात नायत मला," ती म्हणाली, आणि कोनाड्यातला पितळी खलबत्ता पुढे ओढला. विडा त्यात टाकला आणि दुसऱ्या, धडक्या हाताने कुटू लागली. "धक्का दिलास तो दिलास. हाड काय, जुळलं. पण माझी पिशवी कुठाय?"

"पिशवी मीच ओढली, आजी. ती दारात राहिली असती तर मागची माणसं अडकली असती."

"नातवाचं जावळ होतं गो त्यात! तिकडं नुसती वाळू. इथं खाडीत सोडायला आणत होतं मी ते. सुनेने दुधात भिजवलेल्या फडक्यात बांधून दिलेलं. सगळे म्हणतात पिशवी मिळंल, पिशवी मिळंल. कोण देतंय?"

खलबत्ता वाजत होता. मुलगी खाली बसली. तिचा चेहरा एकदम पडला. इतक्या दिवसांत तो तसा पडलेला मी पाहिला नव्हता.

"जावळाचं मला फार वाईट वाटतंय, आजी. ते मला माहीत नव्हतं." मग ती म्हणाली, "माहीत असतं तरी पिशवी ओढली असती."

मेहुणी इथे असती तर तिने कपाळावर हात मारला असता. मीही मध्ये पडण्यासाठी घसा साफ केला. पण तांडेलाने माझ्या दंडाला धरलं.

म्हातारीने कुटणं थांबवलं. "म्हणजे पुन्हा ढकलशील?"

"हो."

"तोंडावर सांगतेस."

"हो आजी."

म्हातारी बाहेर बघत राहिली. अंगणात बोंबील वाळत घातले होते आणि त्यांच्यावरून ऊन हळूहळू सरकत होतं. इतका वेळ गेला, की मला वाटलं तिला झोप लागली. मग तिने चिमटीने कुटलेलं पान उचलून तोंडात टाकलं.

"हे काय तुझ्यावरचा राग गेला म्हणून खात नाय हां. हात दुखतो माझा, त्याचा राग राहणारच. पान बरं हाय म्हणून खातंय. कुणी लावलं? याने? चुना बेताचा लावलाय."

साडू खाली मान घालून हसला. मग तिने मुलीला चहा टाकायला आत पाठवलं. साखर कुठल्या डब्यात आहे ते बाहेरूनच ओरडून सांगत होती, आणि दुसरा डबा उघडल्याचा आवाज आला की "तो नव्हे गो, मिठाचा तो!" म्हणून पुन्हा ओरडत होती. तिला धक्का देणाऱ्या मुलीच्या हातचा चहा ती प्याली आणि गोड जास्त झाला म्हणाली.

भरतीसाठी थांबून दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता खाडीबाहेर पडलो. समुद्र पुन्हा तसाच, कडा नसलेला. मुलगी या वेळी मागे बापाजवळ बसली होती. मी जाळ्यांवर आडवा पडून अर्धवट झोपेत होतो. होडीचे हेलकावे, इंजिनची एकसुरी धडधड आणि त्यातून साडूचा आवाज, फार लांबून आल्यासारखा.

"सगळे उतरले?"

"सगळे."

"तू?"

"शेवटी. आत जाऊन सीटांखाली बघून आले आधी."

"हं."

बस. त्याने एवढंच विचारलं. वर्तमानपत्रांनी, न्हाव्याच्या दुकानाने, मीही, इतक्या दिवसांत इतकं विचारलं होतं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. मी डोळे उघडले नाहीत. उघडले तर ते थांबतील अशी भीती वाटली. मग ती त्याला घसरगुंडीचं सांगू लागली, रबर कसं फुगतं, चपला का काढायला लावतात, आणि तो मध्येमध्ये विचारत होता, वारा आडवा असला तर काय करता, माणूस दारात अडलं तर बाजूने दुसऱ्याला काढता येतं का. कामाचे प्रश्न. किनाऱ्यावर माडांची रांग निळसर होत मागे जात होती.

वाडीत पोचलो तेव्हा मेहुणी वाळूत उभी होती. होडी टेकायच्या आतच तिने विचारलं, "मागितली का गो माफी?"

साडू पाण्यात उतरला, दोर खांद्यावर घेतला.

"कसली?" तो म्हणाला, आणि होडी वर ओढायला त्याने मुलीला हाक मारली.